इंग्रजी नामापूर्वीचा लहान शब्द

इयत्ता तिसरीच्या वर्गात इंग्रजी शब्दांची उजळणी चालू असते. शिक्षक 'कॅट' म्हणतात, वर्ग एका सुरात 'कॅट म्हणजे मांजर' असे उत्तर देतो. मग 'डॉग म्हणजे कुत्रा', 'एग म्हणजे अंडे', 'फार्मर म्हणजे शेतकरी'. वर्षअखेर पाऊणशे शब्द मुलांच्या जिभेवर खेळू लागतात. पालकांना समाधान वाटते, आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांसमोरही वर्ग उठून दिसतो. पुढे दोन-तीन वर्षांनी याच मुलांच्या वह्यांत 'आय हॅव डॉग', 'माय फादर इज फार्मर', 'आय ईट एग' अशी वाक्ये दिसू लागतात. शिक्षक तांबड्या शाईने 'अ' किंवा 'ॲन' घालतात. आठ दिवसांनी तीच चूक, त्याच जागी, पुन्हा उभी असते. मुलगा निष्काळजी आहे असा निष्कर्ष मग सहज निघतो. वस्तुतः तो शिकविल्याबरहुकूमच लिहीत असतो. त्याला 'डॉग' हा शब्द एकटा दिला गेला, म्हणून त्याने तो एकटाच वापरला.

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाऊ लागली. त्यापूर्वी ती पाचवीत सुरू होत असे. या बदलामुळे इंग्रजी नामाशी मुलाची पहिली ओळख करून देण्याचे काम प्राथमिक शिक्षकाकडे आले. ज्या गावात घरी-दारी इंग्रजी कानावर पडत नाही, तेथे शिक्षकाच्या तोंडून निघालेले रूप हेच मुलाचे इंग्रजी होय. सहाव्या वर्षी कानात बसलेले 'डॉग' पुढे शालान्त परीक्षेच्या पत्रलेखनापर्यंत, आणि कित्येकदा नोकरीच्या अर्जापर्यंत, तसेच एकटे चालत जाते. म्हणून हा विषय वरच्या वर्गांच्या व्याकरणावर सोडून देता येण्यासारखा नाही.

नामापूर्वी येऊन 'कोणते', 'कोणाचे', 'किती' हे ठरवून देणाऱ्या शब्दांना इंग्रजीत 'डिटर्मिनर' म्हणतात; मराठीत त्यांना निर्धारक म्हणता येईल. 'अ', 'ॲन' व 'द' ही उपपदे. 'धिस', 'धॅट', 'धीज', 'धोज' हे दर्शक शब्द. 'माय', 'युअर', 'हिज', 'हर' हे स्वामित्वाचे शब्द. आणि 'सम', 'एनी', 'एव्हरी', 'ईच', 'मच', 'मेनी' यांसारखे परिमाण दाखविणारे शब्द, एवढा हा परिवार आहे. जुन्या व्याकरणात उपपदांचा धडा वेगळा असे आणि बाकीचे शब्द विशेषणांत विखुरलेले असत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लँग्वेज' या ग्रंथात 'डिटर्मिनर' या नावाखाली असे शब्द गुणवाचक विशेषणांपासून वेगळे काढले. हा केवळ नावाचा खटाटोप नव्हे. 'ब्लॅक', 'बिग', 'ओल्ड' ही विशेषणे बोलणाऱ्याच्या इच्छेवर असतात. ती एकापुढे एक तीन घालावीत किंवा सर्व गाळावीत, वाक्य बिघडत नाही. निर्धारक मात्र पुष्कळदा वाक्याचा आधारच असतो.

याविषयी एकच नियम शिक्षकाच्या मनात पक्का असला तर निम्मे काम झाले. इंग्रजीतील जे सामान्यनाम मोजता येते आणि एकवचनात आहे, ते वाक्यात उघडे उभे राहत नाही. 'अ डॉग', 'द डॉग', 'माय डॉग', 'धिस डॉग', 'एव्हरी डॉग' यांपैकी काहीही चालेल. नुसते 'डॉग' चालणार नाही. येथे मुलाची एक फसगत होते. 'आय हॅव ब्लॅक डॉग' असे लिहून नामापूर्वी एक शब्द आला, आता नियम पाळला गेला, असे त्याला वाटते. परंतु 'ब्लॅक' हे विशेषण आहे, निर्धारक नव्हे. 'आय हॅव अ ब्लॅक डॉग' असेच म्हणावे लागते. उलट अनेकवचनी नाम व न मोजता येणारे नाम यांना उघडे राहण्याची मुभा आहे: 'आय लाइक डॉग्ज', 'आय ड्रिंक मिल्क'. काही ठराविक शब्दप्रयोग या नियमाला अपवाद आहेत. त्यांपैकी शाळेत लागणारे पुढे येतील.

मराठी मुलाला हा नियम जड का जातो? मराठीत असा आधार लागत नाही, हे उघड आहे. संस्कृतात उपपद नाही, लॅटिनमध्ये नव्हते, रशियन भाषेतही नाही. अरबीत मात्र 'अल्' आहे. तेव्हा उपपद नसणे हे भाषेचे वैगुण्य नव्हे. इंग्रजी जे काम या लहान शब्दांकडून करून घेते, ते मराठी अन्य साधनांनी करते, आणि ती साधने मुलाला न शिकविता अवगत असतात. शिक्षकाने नेमके तेथेच बोट ठेवावे.

'विहिरीत पाणी आहे' आणि 'पाणी विहिरीत आहे' ही दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत. शब्द तेच, परंतु अर्थ एक नव्हे, हे चौथीतले मूलही सांगते. विहिरीत काही आहे का, असे कोणी विचारले तर पहिले वाक्य शोभते. पाणी कोठे आहे, असे विचारले तर दुसरे. आता पाण्याऐवजी घागर घ्यावी. 'विहिरीत घागर आहे' याचे इंग्रजी 'देअर इज अ पॉट इन द वेल', आणि 'घागर विहिरीत आहे' याचे 'द पॉट इज इन द वेल'. मराठीने जे नुसत्या शब्दक्रमाने साधले, ते इंग्रजीने 'अ' व 'द' यांच्या साहाय्याने साधले आहे.

दुसरे उदाहरण प्रत्ययाचे. 'शेतकरी बैल शोधतो आहे' असे म्हटले तर त्याला बाजारातून बैल घ्यावयाचा आहे, असे सहसा समजले जाते. 'शेतकरी बैलाला शोधतो आहे' म्हटले की त्याचा स्वतःचा बैल दावे तोडून कोठे तरी गेला आहे. एका 'ला' प्रत्ययाने कोणताही एक बैल आणि ठाऊक असलेला अमुक बैल असा भेद केला. इंग्रजीत पहिल्या वाक्यात 'अ बुलक' येईल, दुसऱ्यात 'द बुलक' किंवा 'हिज बुलक'. हा भेद ज्या मुलाला मराठीत उपजत कळतो, त्याला 'अ' आणि 'द' यांचा अर्थ नव्याने शिकवावा लागत नाही. फक्त इंग्रजीत तो कोठे ठेवतात हे दाखवावे लागते.

तिसरे साधन गोष्टीचे, आणि वर्गात सर्वांत उपयोगी. मराठी गोष्ट 'एक राजा होता' अशी सुरू होते. पुढच्या वाक्यात 'एक' गळतो आणि 'राजाला दोन राण्या होत्या' असे येते. पहिल्या वाक्यातील 'एक' हा मोजण्यासाठी नाही. दोन राजे नव्हते हे सांगण्याचा तेथे कोणाचाच हेतू नसतो. ऐकणाऱ्याला अपरिचित असलेली व्यक्ती गोष्टीत आणणे, एवढेच त्याचे काम. इंग्रजी 'अ' तेच काम करतो. शिवाय दोहोंचे कूळही सारखे आहे. 'ॲन' हे जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचेच संख्यावाचक होते. उच्चार झिजून ते उपपद बनले आणि व्यंजनापूर्वी त्यातील 'न्' ही गळून 'अ' उरला. 'द' हाही जुन्या दर्शक सर्वनामाचा वंशज असून 'धॅट' चा सख्खा आप्त आहे. म्हणजे 'अ' हा झिजलेला 'एक' आणि 'द' हा झिजलेला 'तो', असे मुलांना सांगण्यास हरकत नाही.

यावरून चिमणी-कावळ्याची गोष्ट इंग्रजीत सांगता येते. 'देअर वॉज अ क्रो. देअर वॉज अ स्पॅरो. द क्रो हॅड अ हाउस ऑफ डंग. द स्पॅरो हॅड अ हाउस ऑफ वॅक्स.' पुढे पाऊस येतो आणि शेणाचे घर वाहून जाते. तेथे आता 'अ हाउस' नव्हे, 'द हाउस' येते, कारण घराची ओळख झालेली आहे. गोष्ट मुलांना पाठ असल्याने सारे लक्ष त्या लहान शब्दांकडे देता येते. शिक्षकाने 'अ' च्या वेळी हात बंद ठेवावा, 'द' च्या वेळी बोट दाखवावे; दोन दिवसांत मुले स्वतःच हात हलवू लागतात.

तथापि 'पहिल्या वेळी अ, दुसऱ्या वेळी द' असा नियम लिहून देण्याचा मोह टाळावा. तो सोपा आहे, पण अपुरा आहे. 'शट द डोअर' या वाक्यापूर्वी दाराचा उल्लेख कोठेही झालेला नसतो. वर्गाला एकच दार आहे आणि कोणते दार हे ऐकणाऱ्यास ठाऊक आहे, म्हणून 'द'. 'द सन', 'द मून', 'दि ईस्ट' यांचेही तसेच. 'काल एका लग्नाला गेलो होतो. जेवण उत्तम होते' असे मराठीत म्हटले की जेवण कोणते हे विचारावे लागत नाही. इंग्रजीतही तेथे 'द फूड' च येईल. खरा प्रश्न एकच: कोणती वस्तू, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे काय? असेल तर 'द', नसेल तर 'अ'. वर्गात हा प्रश्न मराठीतूनच विचारावा.

'अ' आणि 'ॲन' यांची निवड अक्षर पाहून करण्याची जुनी सवय सोडली पाहिजे. 'ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांपूर्वी ॲन' असे घोकविले की 'ॲन युनिफॉर्म' आणि 'अ अवर' हे दोन्ही दोष पदरी येतात. निवड उच्चारावर आहे, स्पेलिंगवर नाही. 'अवर' च्या स्पेलिंगात प्रथम 'एच' असला तरी उच्चार स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिफॉर्म' चा उच्चार 'य' ने सुरू होतो, म्हणून 'अ युनिफॉर्म'. त्याच न्यायाने 'अ बी.ए.' पण 'ॲन एम.ए.', 'अ बस' पण 'ॲन एस.टी. बस'. देवनागरी शिकलेल्या मुलाला येथे मोठी सवलत आहे. त्याने शब्द देवनागरीत लिहावा. पहिले अक्षर अ, आ, ॲ, इ, ए, ऑ असे स्वर निघाले तर 'ॲन', व्यंजन निघाले तर 'अ'. इंग्रज मुलालाही इतकी सोपी कसोटी उपलब्ध नसते.

परंतु या कसोटीत एक खाच आहे आणि ती ग्रामीण शाळेत विशेष जाणवते. अनेक भागांत 'एक' चा उच्चार 'येक' होतो आणि 'ओळख' ची 'वळख' होते. तेच वळण 'एग' ला 'येग' आणि 'ऑरेंज' ला 'वॉरेंज' करते. ज्या मुलाच्या कानाला 'येग' ऐकू येते, तो 'अ येग' म्हणतो, आणि त्याच्या कानाप्रमाणे ते बरोबरच असते. येथे 'ॲन' ची चूक दुरुस्त करून उपयोग नाही. प्रथम उच्चार सुधारावा. 'ॲनेग', 'ॲनॉरेंज' असे जोडून म्हणवून घेतल्यास 'न्' स्वरात मिसळतो आणि मध्ये 'य' किंवा 'व' शिरण्यास वाव राहत नाही. इंग्रजांचे स्वतःचे कानही या जोडणीत चुकले आहेत. आज ज्याला 'ॲन एप्रन' म्हणतात ते मूळचे 'अ नॅप्रन' होते. शब्दाचा 'न्' उपपदाला चिकटला आणि तेथेच राहिला. 'द' चेही व्यंजनापूर्वी 'द' आणि स्वरापूर्वी 'दि' असे दोन उच्चार याच कारणाने होतात: 'द बुक', पण 'दि ॲपल'.

आता दुसरा मोठा दोष. तो गाळण्याचा नसून जास्त घालण्याचा आहे, आणि शिक्षकांच्या स्वतःच्या लेखनातही आढळतो. मराठीत 'हे माझे पुस्तक नवे आहे' असे म्हणतात. 'हे' आणि 'माझे' एका नामापुढे सुखाने नांदतात. इंग्रजीत 'धिस माय बुक इज न्यू' होत नाही. उपपदे, दर्शक शब्द, स्वामित्वाचे शब्द आणि 'एव्हरी', 'सम' यांसारखे शब्द या साऱ्यांना मिळून नामापुढे एकच पाट मांडलेला असतो. त्यावर एक बसला की दुसऱ्याला जागा नाही. दुसऱ्याला आणावयाचेच असेल तर तो नामाच्या मागे जातो: 'धिस बुक ऑफ माइन'. 'माझा एक मित्र पुण्यास राहतो' याचे 'माय वन फ्रेंड' असे भाषांतर तर सर्रास होते. तेथे 'अ फ्रेंड ऑफ माइन' किंवा 'वन ऑफ माय फ्रेंड्स' हवे. 'द माय स्कूल', 'अ हर बॅग' हे प्रकार मुले फारसे करीत नाहीत, कारण मराठीतून ते सुचतच नाहीत.

या पाटाच्या अलीकडे आणि पलीकडे मात्र थोडी जागा आहे. अलीकडे 'ऑल', 'बोथ', 'हाफ', 'सच', 'व्हॉट' बसतात: 'ऑल द बॉइज', 'बोथ माय हँड्स', 'हाफ ॲन अवर'. पलीकडे संख्या व क्रम बसतात: 'द फर्स्ट थ्री बॉइज', 'माय टू ब्रदर्स'. 'केवढे मोठे झाड!' याचे 'व्हॉट बिग ट्री' असे होते ते या 'अलीकडच्या' शब्दाने पाट भरला असे वाटल्यामुळे. पाट अजून रिकामाच असतो, म्हणून 'व्हॉट अ बिग ट्री'.

वर्गातील रोजच्या आज्ञा हे या साऱ्या अभ्यासाचे उत्तम साधन आहे आणि त्यास एक पैसाही लागत नाही. मराठीत शिक्षक म्हणतात: हात धू, पुस्तक उघड, दार लाव, फळा पूस, खडू दे. पाचही नामे उघडी आहेत. इंग्रजीत मात्र 'वॉश युअर हँड्स', 'ओपन युअर बुक', 'शट द डोअर', 'क्लीन द ब्लॅकबोर्ड', 'गिव्ह मी अ पीस ऑफ चॉक'. हात आणि पुस्तक ज्याचे त्याचे, म्हणून स्वामित्व; दार आणि फळा सर्वांना ठाऊक असलेले, म्हणून 'द'; खडूचा कोणताही तुकडा चालेल, म्हणून 'अ'. शरीराचे अवयव आणि नातलग यांच्या बाबतीत मराठी माणूस 'माझा', 'तुझा' बहुधा वगळतो: 'आई म्हणाली', 'पाय दुखतो'. इंग्रजीत 'माय मदर सेड', 'माय लेग हर्ट्स' असेच म्हणावे. शिक्षकाने 'वॉश हँड', 'ओपन बुक' अशा तुटक आज्ञा देऊ नयेत. वर्षभर रोज ऐकलेली पाच वाक्ये व्याकरणाच्या पन्नास उदाहरणांहून खोल रुजतात. चुकीची असतील तर तीही तितकीच खोल रुजतात.

मोजता येणारी व न येणारी नामे हा भाग पाठ्यपुस्तकांत वस्तूंच्या स्वभावावरून समजाविला जातो: आंबे मोजता येतात, दूध मोजता येत नाही. एवढ्यावर भागत नाही, कारण काय मोजावयाचे हे प्रत्येक भाषा आपल्या रीतीने ठरविते. मराठीत गहू अनेकवचनी आहे. 'हे गहू चांगले आहेत' असे म्हटले जाते. म्हणून मुलगा 'धीज व्हीट्स आर गुड' लिहितो. इंग्रजीत 'व्हीट' मोजत नाहीत. 'धिस व्हीट इज गुड'. 'तांदूळ निवडले' यातील तांदूळही अनेकवचनी, पण 'राइस' एकवचनी. 'तिचे केस लांब आहेत' वरून 'हर हेअर्स आर लाँग' होते; तेथे 'हर हेअर इज लाँग' हवे. 'पुष्कळ पैसे' वरून 'मेनी मनी' होते. तेथे 'मच मनी' किंवा 'अ लॉट ऑफ मनी'. उलट बातमी, सल्ला, माहिती यांपैकी 'एक बातमी', 'एक सल्ला' मराठीत खुशाल म्हणता येते. इंग्रजीत 'अ न्यूज', 'ॲन ॲडव्हाइस' म्हणता येत नाही, 'अ पीस ऑफ न्यूज' असा वळसा घ्यावा लागतो. हे शब्द थोडेच आहेत. ते नियमाने कळत नाहीत, पाठच करावे लागतात. 'पुष्कळ' आणि 'थोडे' हे मराठी शब्द पाण्यालाही चालतात आणि मुलांनाही. इंग्रजीत 'मच वॉटर' पण 'मेनी बॉइज', 'अ लिटल वॉटर' पण 'अ फ्यू बॉइज' अशी विभागणी आहे, हे याच ठिकाणी सांगून टाकावे.

'अ लिटल' आणि नुसते 'लिटल' यांत मात्र शिक्षकाने थोडे थांबावे. एक अक्षर गाळले म्हणून काय बिघडले, असे विचारणाऱ्या मुलाला येथे उत्तर मिळते. चैत्र-वैशाखात गावच्या विहिरीविषयी 'देअर इज अ लिटल वॉटर इन द वेल' असे लिहिले तर थोडे पाणी आहे, काही दिवस निघतील. 'देअर इज लिटल वॉटर इन द वेल' असे लिहिले तर पाणी जवळजवळ नाही, टँकर मागवावा लागेल. मराठीत हा फरक 'च' करतो: 'थोडे पाणी आहे' आणि 'थोडेच पाणी आहे'. 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांचीही हीच गोष्ट. उपपद अर्थ बदलते याचे आणखी एक उदाहरण सभेच्या अहवालातले. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर वॉज प्रेझेंट' म्हणजे चिटणीस व खजिनदार ही दोन्ही कामे पाहणारी एकच व्यक्ती हजर होती. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर वेअर प्रेझेंट' म्हणजे दोघे होते. एका 'द' ने हजेरीपटावर एक सही वाढते.

विशेषनामांचा भाग थोडक्यात आटोपता येतो. माणसे, गावे, एकेकटी शिखरे यांना 'द' लागत नाही: 'सातारा', 'कळसूबाई'. नद्या, समुद्र, पर्वतांच्या रांगा यांना लागतो: 'द कृष्णा', 'दि अरेबियन सी', 'द हिमालयाज'. वर्गात गोदावरी नावाची मुलगी असेल तर काम आणखी सोपे होते. 'गोदावरी इज इन द फोर्थ स्टँडर्ड' आणि 'द गोदावरी इज अ लाँग रिव्हर' ही दोन वाक्ये फळ्यावर आली की पुन्हा सांगावे लागत नाही, आणि त्या मुलीलाही आनंद होतो.

'स्कूल' या शब्दाचे वर्तन वेगळे शिकवावे, कारण तो रोजचा आहे. शिकण्यासाठी जाणारा मुलगा 'गोज टू स्कूल'. त्याच्या प्रगतीची चौकशी करण्यास येणारे वडील 'गो टू द स्कूल'. पहिल्यात शाळेचे कार्य अभिप्रेत आहे, दुसऱ्यात इमारत. 'बाय बस', 'ॲट होम' ही रूपेही अशीच उघडी राहतात. मोजता येणारे एकवचनी नाम उघडे राहत नाही या नियमाला हे जे अपवाद आहेत, ते प्राथमिक वर्गांत एवढेच पुरेत.

अपवादांत न मोडणारा, पण मुलांच्या डोळ्यांसमोर सतत येणारा एक प्रकार आहे. वृत्तपत्रांचे मथळे आणि रस्त्यावरील पाट्या उपपदे गाळतात, कारण तेथे जागा कमी असते. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडत, म्हणून तेथेही पहिला बळी उपपदाचाच जाई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, मथळे मात्र तसेच आहेत. चौकस मुलगा पाटीकडे बोट दाखवून शंका विचारील. ती काटकसरीची भाषा आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

क्रमाविषयी एक सूचना. 'द' ने आरंभ करू नये. पहिली दोन वर्षे 'अ', 'ॲन', 'माय', 'युअर' आणि 'धिस' यांवरच भर असावा. 'द' आज्ञांतून व गोष्टीतून कानावर पडू द्यावा, त्याची व्याख्या चौथीपूर्वी सांगू नये. वह्या तपासताना प्रत्येक सुटलेल्या उपपदावर रेघ मारण्यापेक्षा एका आठवड्यात एकच गोष्ट पाहावी. या आठवड्यात फक्त 'अ' किंवा 'ॲन', पुढच्या आठवड्यात फक्त अवयवांपूर्वीचे 'माय'. तांबड्या शाईने भरलेल्या वहीतून मुलगा शिकतो तो एवढेच की त्याला इंग्रजी येत नाही.

आरंभी सांगितलेल्या उजळणीकडे परत जाऊ या. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर चित्रांचा तक्ता असतो आणि चित्राखाली नुसते नाम छापलेले असते. शिक्षकाने रंग व कुंचला घेऊन एका दुपारी प्रत्येक नामापुढे 'अ' किंवा 'ॲन' लिहावा, आणि दुसऱ्या दिवसापासून 'अ कॅट म्हणजे मांजर', 'ॲन एग म्हणजे अंडे' अशी उजळणी सुरू करावी. तक्त्यावर दूध, पाणी, तांदूळ आणि मीठ यांचीही चित्रे असतील. त्यांच्यापुढची जागा रिकामी ठेवावी. ती रिकामी का, हे वर्गातील कोणी ना कोणी विचारीलच.